उलटी फाइल सिस्टीम

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवलेली एखादी मोठी फाइल प्रोग्रॅममधून उघडायची असेल, तर सोबत एक खूण द्यावी लागते: ‘इन्व्ह-रीड’ किंवा ‘इन्व्ह-राइट’. वाचायची आहे की लिहायची आहे, एवढंच ती सांगते. त्यातलं रीड आणि राइट कुणालाही कळतं. ‘इन्व्ह’ काय आहे हे बहुतेकांना माहीत नसतं आणि माहीत नसल्यानं काही अडतही नाही. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणायला जाणारा माणूस तपकीर शोधत नाही, तसंच हे.

पण जुन्या नावांचा मला नाद आहे. पोस्टग्रेसचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. त्यात मोठ्या फायली सांभाळणाऱ्या भागात गेलं की जिकडेतिकडे हा ‘इन्व्ह’ भेटतो. फाइल तयार करणारं फंक्शन, उघडणारं, वाचणारं, सगळ्यांच्या नावाआधी तोच उपसर्ग. तो ‘इन्व्हर्जन’ या शब्दाचा तुकडा आहे. इन्व्हर्जन म्हणजे उलटापालट. काय उलटं केलं होतं आणि कुणी, त्याची ही हकीगत. माझ्या रोजच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. एका सहकारी पतसंस्थेची कर्जाची कागदपत्रं जिथे साठवली जातात ती व्यवस्था मी सांभाळते.

आधी सुलटं काय होतं ते पाहू. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवा आणि ‘काय हवं’ ते विचारा. ते डिस्कवर कुठे आहे याची काळजी मशीनवर सोडा, असा त्याचा मथितार्थ. त्याच काळात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. त्यांनी फाइल म्हणजे नुसती बाइट्सची रांग मानली. आत काय आहे याच्याशी सिस्टीमला देणंघेणं नाही. युनिक्समध्ये फाइलचं नावसुद्धा फाइलजवळ नसतं. ते डिरेक्टरीत असतं आणि एका क्रमांकाकडे बोट दाखवतं. दोन्ही कल्पना देखण्या आहेत. त्या एकमेकींशी न बोलता वाढल्या आणि व्यवहारात त्यांची उतरंड लागली: तळाला डिस्क, तिच्यावर फाइल सिस्टीम, आणि फाइल सिस्टीमच्या डोक्यावर डेटाबेस.

वर बसलेला सुखी नव्हता. १९८१ साली बर्कली विद्यापीठातल्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी एक तक्रारवजा निबंध छापला. डेटाबेसला जे लागतं ते ऑपरेटिंग सिस्टीम देत नाही, आणि जे देते ते आमच्या उपयोगाचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कुठलं पान मेमरीत ठेवायचं, कुठलं आधी डिस्कवर उतरवायचं, हे डेटाबेसला जास्त चांगलं कळतं. पण खालची सिस्टीम आपल्याच मनानं वागते. तक्रार रास्त होती. तिला त्यांच्याच विद्यापीठातून जे उत्तर पुढे आलं, ते मात्र भलतंच होतं: मग फाइल सिस्टीमलाच वर बसवू आणि डेटाबेसला खाली घेऊ.

हे करून दाखवलं माइक ओल्सन यांनी. १९८६ पासून बर्कलीत पोस्टग्रेस हा नवा डेटाबेस आकार घेत होता. ओल्सन यांनी त्यावर एक फाइल सिस्टीम रचली, तिला इन्व्हर्जन असं नाव दिलं आणि १९९३ मध्ये तिच्यावर निबंध सादर केला. मांडणी सोपी होती. फाइलचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा क्रमांकासह तक्त्यात एक ओळ म्हणून ठेवायचा. फायलींची नावं एका वेगळ्या तक्त्यात, मालक, आकार, तारीख आणखी एका तक्त्यात. वापरणाऱ्याला फाइल फाइलसारखीच दिसणार. खाली सगळ्या ओळीच ओळी.

याचा फायदा काय, हे समजून घ्यायला ‘ट्रॅन्झॅक्शन’ हा डेटाबेसवाल्यांचा लाडका शब्द ध्यानात घ्यावा लागेल. दोन-चार बदल एका गाठीत बांधायचे. झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही. मध्येच वीज गेली तर अर्धवट काही उरत नाही. नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये पाच फायली मिळून एक बदल करायचा असेल आणि तिसरीनंतर मशीन पडलं, तर निस्तरायचं काम तुमचं. इन्व्हर्जनमध्ये ही हमी फुकट मिळाली. शिवाय तेव्हाचं पोस्टग्रेस जुनी ओळ कधी खोडत नसे, नवी लिहून जुनी ठेवून देई. त्यामुळे ‘ही फाइल गेल्या मंगळवारी दुपारी कशी होती?’ असं विचारता येई आणि उत्तरही मिळे. आज पोस्टग्रेस चालवणारे रोज ज्या ‘व्हॅक्यूम’ला वैतागतात, तो मुळात या जुन्या ओळी उचलून दूरच्या कायमस्वरूपी साठ्यात नेऊन ठेवण्यासाठी होता. कचरा काढणं ही त्याची नंतरची नोकरी.

किंमत मोजावी लागलीच. ओल्सन यांच्या स्वतःच्या मोजमापात इन्व्हर्जनचा वेग त्यांनी तुलनेला घेतलेल्या नेटवर्क फाइल सिस्टीमच्या ३० ते ८० टक्के भरला. मला हा आकडा वाईट वाटत नाही. पदवीच्या काळातल्या प्रकल्पासाठी तर मुळीच नाही. पण १९९४-९५ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी पोस्टग्रेसची साफसफाई करून त्यात एसक्यूएल घातली, तेव्हा इन्व्हर्जन फाइल सिस्टीम काढून टाकली गेली. काळात मागे जायची सोयही १९९७ मध्ये गेली. फाइलचे तुकडे करून ओळींत ठेवायची पद्धत तेवढी ‘लार्ज ऑब्जेक्ट’ या नावानं टिकली, आणि तिच्या अंगावर ‘इन्व्ह’ हे गोंदण राहिलं.

एक अवांतर. मोठ्या अनाकार माहितीला सगळे डेटाबेसवाले ‘ब्लॉब’ म्हणतात. हा शब्द जिम स्टार्की यांनी डेक कंपनीत असताना रुळवला. त्यांच्या सांगण्यानुसार तो कशाचंही संक्षिप्त रूप नाही. गावं गिळत सुटणाऱ्या लिबलिबीत गोळ्याच्या १९५८ सालच्या सिनेमावरून तो घेतला. त्याची भारदस्त फोड नंतर विक्री खात्यांनी करून घेतली. बॅकअपची डिस्क भरत आली की मला स्टार्कींचा अर्थच पटतो.

आता पतसंस्थेकडे वळते. गहाणखत, सात-बारा, जामीनदाराचं संमतिपत्र असे कागद शाखेत स्कॅन होतात. मी यायच्या आधीची रचना बहुतेक ठिकाणी असते तशीच होती: तक्त्यात फाइलचा पत्ता आणि फाइल वेगळ्या फोल्डरात. तक्त्याचा बॅकअप रोज रात्री अकराला, फोल्डरचा फक्त रविवारी. एका गुरुवारी डिस्क गेली. बॅकअप परत चढवले तेव्हा तक्ता बुधवार रात्रीचा होता आणि फोल्डर रविवारचा. सोमवार ते बुधवारमध्ये आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद होती, कागद नव्हता. तक्ता शपथेवर सांगत होता की फाइल आहे.

बहुतेकांचे मूळ कागद शाखेच्या कपाटात सापडले. पण एका काकांचं कर्ज त्याच सोमवारी फिटलं होतं. मूळ दस्त स्कॅन करून त्यांना परत दिला होता. शाखाधिकाऱ्यांनी फोन केला, काका आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दस्त त्यांनी दाखवला, पण हातात दिला नाही. “साहेब, हा कागद सोडवायला मला अकरा वर्षं लागली. आता पुन्हा तुमच्याकडं देऊ?” स्कॅन करून लगेच परत देतो, इथेच उभे राहा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं तो स्कॅनरवर ठेवला आणि झाकण लागेपर्यंत एक कोपरा धरून ठेवला. त्या प्रतीच्या कडेला त्यांचा अंगठा आलाय. मी ती तशीच ठेवली आहे.

नोंद आणि वस्तू यांची फारकत हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. ऑफिसच्या टेबलावर जसं, तसं घरच्या संगणकावरही. नव्वदच्या दशकात बी या छोट्या कंपनीनं बीओएस नावाची सिस्टीम काढली. तिच्यात सुरुवातीला फायलींची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये असे. फाइल हलली, पुसली गेली, की दोघांचं जुळेना. मग डॉमिनिक जांपाओलो आणि सिरिल मेरिलॉन यांनी १९९६-९७ मध्ये नवी फाइल सिस्टीम लिहिली आणि डेटाबेसचे गुण थेट तिच्यातच घातले. ईमेल म्हणजे एक फाइल. पाठवणारा, विषय, तारीख हे तिला चिकटलेले गुणधर्म. त्यांवर शोध घेता येई. कंपनी बुडाली. जांपाओलो ॲपलमध्ये गेले आणि तिथल्या स्पॉटलाइट या शोधयंत्रणेवर त्यांनी काम केलं.

मायक्रोसॉफ्टनं हेच मोठ्या तोऱ्यात करायला घेतलं. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत विनएफएस जाहीर झाली: संगणकातली माणसं, फोटो, पत्रं, भेटी सगळं एका रिलेशनल साठ्यात. पुढच्याच ऑगस्टमध्ये ती येणाऱ्या विंडोजमधून वगळली. जून २००६ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणूनही गुंडाळली आणि तिचे अवयव एसक्यूएल सर्व्हरसारख्या उत्पादनांत वाटून टाकले. बिल गेट्स यांनी नंतर, न आलेल्या उत्पादनांपैकी याचीच रुखरुख बोलून दाखवली. माझं मत विचाराल तर घरच्या माणसाला फायलींचा डेटाबेस नकोच होता. त्याला हवं ते सापडायला हवं होतं. ते काम शोधयंत्रणेनं स्वस्तात केलं. ज्यांना खरी गरज होती ती ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था. आणि तिथे वेगाइतकाच जुळणीचा प्रश्न होता.

या सगळ्या वादाला मोजपट्टी लावली जिम ग्रे यांनी. ट्रॅन्झॅक्शनच्या कल्पनेला पक्का पाया देण्याबद्दल १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला हा माणूस. त्याच वर्षी त्यांच्या गटानं टेरासर्व्हर सुरू केला: हवाई आणि उपग्रहांवरून घेतलेली जमिनीची छायाचित्रं, लहान लहान चौकोनांत कापून एसक्यूएल सर्व्हरमध्ये ब्लॉब म्हणून ठेवलेली. इंटरनेटवरून कुणीही बघावीत. एप्रिल २००६ मध्ये रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि ग्रे यांनी हॅम्लेटच्या प्रश्नाच्या चालीवर नाव दिलेला एक अहवाल काढला: ब्लॉब करावा की न करावा? त्यांच्या मोजणीत २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टीममध्ये. मधल्यांचं, त्या किती वेळा वाचल्या आणि किती वेळा बदलल्या जातात त्यावर अवलंबून. मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. कोऱ्या डिस्कवरचे आकडे फसवतात. साठा वापरात जुना होत गेला, पुसून पुसून परत लिहिला गेला, की त्याचे तुकडे विखुरतात आणि वेग बदलतो. म्हणून त्यांनी साठ्याचं ‘वय’ मोजायची पद्धत सुचवली.

नऊ महिन्यांनी, २८ जानेवारी २००७ रोजी, ग्रे सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची बोट घेऊन फॅरालॉन बेटांकडे निघाले. आईच्या अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. ते परतले नाहीत. तटरक्षक दलाला काही सापडलं नाही, तेव्हा त्यांच्या मित्रांनी उपग्रहाची नवी छायाचित्रं मिळवली, लहान लहान चौकोनांत कापली आणि हजारो स्वयंसेवकांपुढे इंटरनेटवर ठेवली. लोक चौकोनामागून चौकोन निरखत राहिले. बोट मिळाली नाही. २०१२ मध्ये न्यायालयानं त्यांना मृत घोषित केलं.

त्यांचा २५६ केबीचा आकडा आजही सांगितला जातो, डिस्का पार बदलल्या तरी. योगायोगानं मोंगोडीबीची ग्रिडएफएस हीही फाइलचे २५५ केबीचे तुकडे करते. रचना बघितली की ओल्सन आठवतात: एका साठ्यात फाइलची माहिती, दुसऱ्यात क्रमांक घातलेले तुकडे. फक्त ज्या हमीसाठी त्यांनी उलटापालट केली, ती अनेक नोंदींना एकत्र बांधणारी ट्रॅन्झॅक्शन ग्रिडएफएसला चालत नाही. एसक्यूएलाइटवाल्यांनी तर दहा केबीच्या आसपासच्या चित्रांसाठी डेटाबेस हा फाइल सिस्टीमपेक्षा ३५ टक्के वेगानं वाचतो, असं मोजून दाखवलं. हजारो वेळा फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च वाचतो म्हणून.

पतसंस्थेचे स्कॅन एक-दोन पानांचे असतात, म्हणून मी ते डेटाबेसमध्येच घेतले. आता नोंद आणि कागद एका गाठीत जातात, एकाच बॅकअपमध्ये येतात. बॅकअप फुगला, तो चढवायला जास्त वेळ लागतो, ते मी पत्करलंय. एक खोड मात्र आहे. लार्ज ऑब्जेक्टची नोंद तक्त्यातून पुसली तरी तो स्वतः पुसला जात नाही. मालक नसलेला मागे पडून राहतो. असे अनाथ शोधून काढणारं ‘व्हॅक्यूम-एलओ’ नावाचं वेगळं अवजार पोस्टग्रेससोबत मिळतं. ते खरोखर न पुसता, पुसलं असतं तर काय गेलं असतं, एवढंच सांगायलाही लावता येतं. मी दर शनिवारी ते तसं चालवते, आणि अनाथांची यादी वेगळी काढून शाखाधिकाऱ्यांकडे पाठवते. ते एकेक प्रत उघडून बघतात. मागच्या खेपेला त्यांचा फोन आला, “मॅडम, यातले सोळा जाऊ द्या. सतरावं नका पुसू, ते कुणाचं आहे ते मी कपाटात बघून सांगतो.”