दुष्काळाची घंटा कोणीं वाजवावी?

दुष्काळ म्हणजे धान्य नसणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तींत तथ्य आहे, पण तें अपुरें आहे. पाऊस गेला कीं शेतांत काम उरत नाहीं. काम नाहीं म्हणून मजुरी नाहीं. आणि मजुरी नाहीं म्हणून बाजारांत दाणा असला तरी तो मजुराच्या चुलीपर्यंत पोंचत नाहीं. सावकार हात आखडता घेतो, गुरें मातीमोलानें विकलीं जातात, माणसें गांव सोडतात, आणि तीं जेथें गोळा होतात तेथें पटकी पसरते. महसूल, पोलीस, आरोग्य, बांधकाम, रेल्वे अशा पांच खात्यांच्या दारांतून हें एकच संकट आंत शिरतें, आणि ज्या त्या खात्याला तें आपल्या दारापुरतेंच दिसतें. अशा वेळीं एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याची हुशारी पुरत नाहीं. सर्व अंगांचा विचार करून आधींच आखलेली रचना लागते. ही गोष्ट सरकारी यंत्रणेला कशी उमगली आणि त्या रचनेंत कोणती उणीव राहिली, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

१८६६ सालीं ओरिसा प्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां अधिकारी व्यापाऱ्यांवर विसंबून राहिले. बाहेरून तांदूळ आणण्याचें ठरलें तोंवर पावसाळा लागून किनारा बंद झाला होता. दहा लाखांच्या आसपास माणसें मेलीं. याचा धसका घेऊन १८७३-७४ मध्यें बिहारांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून सढळ हातानें मदत केली. माणसें वांचलीं, पण पैसा फार उधळला म्हणून टेंपलसाहेबांवर टीकेचा भडिमार झाला. पुढें १८७७ मध्यें याच गृहस्थांना हिंदुस्थान सरकारनें दक्षिणेंतील दुष्काळावर देखरेखीसाठीं धाडलें, तेव्हां त्यांनीं मदतकामावरील मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणून ठेवली. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनीं, एवढ्यावर राबणारा मनुष्य जगणार नाहीं, अशी हरकत घेतली. आपल्या मुंबई इलाख्यांत तर मजुरांनीं कामेंच सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. १८७६ ते ७८ या काळांत पन्नास लाखांवर माणसें दगावलीं. अधिकारी तोच, पण तीन वर्षांच्या अंतरानें वागणूक अगदीं उलट! मागच्या खेपेस कोणत्या कारणानें बोलणीं खाल्लीं, यावर पुढच्या खेपेस किती जीव जगणार हें ठरत होतें.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशननें १८८० मध्यें जो अहवाल दिला, त्याचें महत्त्व यासाठीं आहे. त्यावरून १८८३ सालीं नमुन्याची दुष्काळसंहिता तयार झाली व प्रांतोप्रांतीं तिच्या आवृत्त्या निघाल्या. हें पुस्तक रूक्ष आहे. तें कोणी हौसेनें वाचील असें नाहीं. पण त्यांतील विचार पाहा. भाव चढणें, लोकांची भटकंती, चोऱ्यांची वाढ, उधारी बंद होणें, हीं चिन्हें आधीं टिपावयाचीं. नंतर कसोटीदाखल एखादें काम उघडावयाचें. त्यावर लोटणारी गर्दी हेंच गरजेचें माप. कोणत्या तालुक्यांत कोणता तलाव, कोणता रस्ता घ्यावयाचा याची यादी सुकाळांतच तयार ठेवावयाची. जे राबूं शकत नाहींत त्यांना फुकट मदत, शेतकऱ्याला तगाई, साऱ्याला तहकुबी. आणि गांवकामगारापासून कलेक्टरापर्यंत ज्याचें त्याचें काम लिहून ठेवलेलें. दयाबुद्धि ज्याची त्याची निराळी असते. येथें तिच्या जागीं कर्तव्य बसविलें होतें.

या पुस्तकाचा एक उपयोग त्याच्या कर्त्यांच्या मनांतहि नसावा. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळक व सार्वजनिक सभा यांनीं त्यांतील कलमें मराठींत खेडोपाडीं नेलीं, आणि सरकारनेंच लिहिलेल्या सवलती मागा, असें रयतेला सांगितलें. १८९७ मध्यें सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली!

परंतु घंटा वाजविण्याची दोरी अधिकाऱ्याच्याच हातीं होती. ‘दुष्काळ आहे’ असें त्यानें म्हटल्यावांचून पुढचें कांहींच हलत नसे. १९४३ सालीं बंगालमध्यें तें म्हटलेंच गेलें नाहीं. संहिता लागू केली तर तींत सांगितलेला शिधा द्यावा लागेल, आणि तेवढें धान्य हातीं नाहीं, असें कारण गव्हर्नरांनीं वरिष्ठांस कळविलें. वुडहेड चौकशी कमिशननें मृत्यूंचा अंदाज पंधरा लाख केला. नंतरच्या अभ्यासकांचे आंकडे तीस लाखांपर्यंत जातात. रचना कपाटांत होती. ती उघडणारांनींच ती न उघडण्याचें ठरविलें होतें.

महाराष्ट्रानें १९६३ सालीं कायदा करून आपल्या कायद्यांतून दुष्काळवाचक इंग्रजी शब्दच काढून टाकला आणि त्या जागीं टंचाई आणली. नऊ वर्षांनीं, १९७२ मध्यें, पावसानें दगा दिला. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें खडी फोडीत, नाले बांधीत व पाझर तलाव खणीत होतीं, आणि कामावर सुकडी वांटली जात होती. हाल अतोनात झाले. पण बंगालसारखे मुडदे पडले नाहींत. जुन्या संहितेचीच हाडें त्या कामांत होतीं.

वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेनें मात्र दोरीच दुसऱ्या हातीं दिली. १९७७ सालीं मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें, मजुरानें काम मागितलें कीं पंधरा दिवसांत तें द्यावयाचें, न दिल्यास भत्ता द्यावयाचा, असें ठरलें. आतां कसोटीसाठीं साहेबानें काम उघडावयाचें नव्हतें. मजुराचा अर्जच कसोटी झाला. मोजमापें रखडलीं, मजुरी वेळेवर मिळाली नाहीं, हजेरीपटांत खोटीं नांवें शिरलीं, हेंहि खरें. काम आणि दाम यांमध्यें कारकुनाचें टेबल होतेंच. या योजनेच्या खर्चासाठीं १९७५ सालीं शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांवर व्यवसाय कर बसविण्यांत आला. पगाराच्या पावतीवर त्या नांवानें जी लहानशी रक्कम वजा होते, तिचें मूळ हें आहे.