गर्भनिरोधक गोळी, रक्ताची गुठळी आणि पाकिटातला कागद

"डॉक्टर, या गोळीने रक्त घट्ट होतं का हो?" हा प्रश्न बरेचदा विचारला जातो. त्याचं खरं उत्तर बायकांपर्यंत पोहोचायला जवळपास नऊ वर्षं लागली होती.

1960 साली अमेरिकेत 'एनोव्हिड' या गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. तिच्यात 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. 1961 मध्ये इंग्लंडमधल्या सफोक भागातले डॉक्टर जॉर्डन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. एंडोमेट्रिओसिससाठी हीच गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. हा योगायोग की गोळीचा परिणाम?

संशोधकांनी प्लेटलेट्सचीही तपासणी केली. जखम झाली की तिथे चिकटून रक्त थांबवणाऱ्या या सूक्ष्म पेशी. त्यांच्या चिकटपणाबद्दल वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे निष्कर्ष आले. पुढे कळलं, की शिरांमधल्या गुठळीचं मुख्य कारण दुसरंच आहे. इस्ट्रोजेनमुळे यकृत फायब्रिनोजेनसारखे रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं आणि गोठण्याला आवर घालणारं 'प्रोटीन एस' कमी होतं. त्यामुळे प्लेटलेट काउंट नॉर्मल आला, म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

1968 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासांनी गोळी आणि गुठळीचा संबंध दाखवून दिला. 1969 च्या अखेरीस तिथल्या औषध सुरक्षा समितीने इस्ट्रोजेन 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसलेल्या गोळ्याच वापराव्यात, असा सल्ला दिला.

जानेवारी 1970 मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी सुरू झाली. साक्षीला तज्ज्ञ होते, पण गोळी घेणारी एकही बाई नव्हती. तेव्हा प्रेक्षकांतल्या तरुणींनीच उभं राहून जाब विचारला. त्याच वर्षी गोळीसोबत धोक्याची माहिती देणारा कागद सक्तीचा झाला.

आज आपल्याकडच्या माला-डीमध्ये 30 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. गोळी न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांमध्ये वर्षाला साधारण 2 जणींना अशी गुठळी होते. अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये 5 ते 7 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका त्याहून जास्त असतो. म्हणून घाबरून गोळी मध्येच बंद करू नका.

मात्र तुम्हाला किंवा घरात कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, रक्तदाब असेल, किंवा वय 35 च्या पुढे असून धूम्रपानाची सवय असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, अचानक बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

आणि पाकिटातला तो कागद एकदा नीट वाचा. तो सहजासहजी मिळालेला नाही.