गडगा, वई आणि मांडव: कोकण किनाऱ्यावरच्या घराबाहेरील बांधकामांचा इतिहास

कोकण किनाऱ्यावरच्या घराला हद्दीशी कुंपण लागते, दाराशी सावली लागते आणि पावसात बसता-उठता येईल अशी पडवी लागते. छपराखालच्या भिंतीला जे सोसावे लागत नाही ते सारे या उघड्यावरच्या बांधकामांच्या वाट्याला येते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो समुद्राकडच्या वाऱ्याबरोबर आडवा झोडपतो. पाऊस सरला की खारा वारा आणि पाठोपाठ कडक ऊन. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. गोड्या पाण्यात कायम बुडालेले किंवा कायम कोरडे राहिलेले लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. भिजत-वाळत राहणारे लाकूड मात्र जमिनीलगत आधी जाते, कारण तिथे बुरशीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि वाळवीही तिथूनच चढते. लोखंडाला मिठाची हवा लागली की त्याचा गंज थांबत नाही.

यावर कोकणाने जी तोड काढली तिच्याकडे बांधकामाच्या इतिहासात फारसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक वस्तू टिकाऊ करण्याचा आग्रह इथे कधी धरला गेला नाही. काही भाग शंभर वर्षांच्या हिशेबाने दगडात केले गेले आणि काही मुद्दामच वर्षा-दोन वर्षांच्या बोलीवर उभे राहिले. कोणता भाग कशात करायचा, हे ठरवण्यातच खरे कसब होते.

दगडाच्या बाजूला गडगा होता, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. दक्षिण रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी माळांवर, जांभा पसरलेला आहे. त्याच्या उत्तरेला तेच काम काळ्या दगडाने होई. जांभ्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 मध्ये प्रसिद्ध केले, ते केरळातल्या अंगडिपुरमच्या खडकावरून. खाणीत असताना हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत राहिला की कठीण होतो, हे त्याने नोंदवले. कोकणातल्या चिरेखाणींत हे ज्ञान फार जुने होते. टिकावाने चर पाडायचे, पहारेने चिरा उचकटायचा, घडायचा आणि लावण्याआधी काही काळ उन्हापावसात पडू द्यायचा, अशी रीत होती. खाऱ्या हवेत जांभा टिकतो याचे एक कारण त्याच्या घडणीतच आहे. त्यातले लोह आधीच ऑक्साइडच्या रूपात असते, म्हणजे जे गंजायचे ते दगड होण्यापूर्वीच गंजून गेलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यात उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे उघड्यावर हजारो वर्षे पाऊस झेलत आली आहेत, यावरून चांगल्या कातळाची ताकद कळते.

गडगा चुना-मातीशिवाय रचला जाई. पायाशी रुंद, वर निमुळता आणि मधल्या फटींत चिपा ठोकलेल्या. हा कोरडा रचाव काटकसरीपोटी केलेला नव्हता. कोकणातल्या वाड्या उतारावर असतात, आणि पावसात मागची माती पाणी पिऊन फुगली की बंदिस्त भिंत पुढे कलते. गडग्यातून पाणी वाट काढते आणि माती मागे राहते. कुठे ढासळला तर तेच चिरे उचलून पुन्हा रचता येतात, नवे काही विकत आणावे लागत नाही. दोन वाड्यांच्या गडग्यांमधून पाणंद जाई. चढणीवर त्याच दगडाची पाखाडी बांधली जाई, आणि तिच्या पायऱ्यांवरून बैल आणि बायकांच्या डोईवरचे भारे वर्षानुवर्षे जात आले.

मात्र प्रत्येक चिरा सारखा नसतो. पांढरट मातीच्या शिरा असलेला जांभा पावसात पोखरला जातो. गोव्यात हे ओळखून जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा देण्याची पद्धत पडली. हा चुना बहुधा शिंपले भाजून केलेला असे. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली उतरवला गेला. उघडा लाल दगड डोळ्याला भारदस्त दिसतो, पण तेव्हापासून तो झिजतो आहे आणि गिलावा परत द्यावा की नाही हा वाद आजही चालू आहे. आजच्या घरांवर ‘नैसर्गिक’ म्हणून उघडा ठेवलेला चिरा पाहताना हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जिथे गडगा परवडत नसे किंवा जमीन वाळूची असे तिथे वई घातली जाई. वई म्हणजे खुंट पुरून, त्यांवर काट्याकुट्या आणि चिव्याच्या काठ्या आडव्या बांधून केलेले कुंपण. ती दरवर्षी नवी होणार हे गृहीतच असे. अनुभवाने लोकांनी खुंटांच्या जागी जिवंत झाडे लावली. निर्गुडी, शेर, पांगारा, मोगली एरंड, निवडुंग, घायपात. जिवंत खुंटाला बुरशी लागत नाही आणि तो स्वतःच जाड होत जातो. यांतला मोगली एरंड, फड्या निवडुंग आणि घायपात ही मूळची अमेरिकेतली झाडे आहेत. युरोपीय लोकांच्या समुद्री व्यापाराबरोबर ती भारतात आली आणि वाडीच्या कडेला अशी रुळली की परकी वाटेनाशी झाली. पुढे विसाव्या शतकात मध्य अमेरिकेतल्या गिरीपुष्पाने तीच वाट धरली. त्याचा पाला खताला जातो, म्हणून ते अधिकच आवडते झाले.

वई बांधायला खिळा वापरत नसत, सुंभ वापरत. नारळाचे सोडण खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजवून काथ्या काढतात. त्यात लिग्निनचे प्रमाण जास्त असते, म्हणून समुद्राच्या पाण्याने तो सहजी खराब होत नाही. अरबी समुद्रातली जुनी जहाजे याच दोराने शिवली जात. होर्मुझ बंदरातल्या अशा जहाजांचे वर्णन मार्को पोलोने केले आहे. कुंपणालाही तोच गुण उपयोगी पडे. वादळात सुंभाची गाठ थोडी सैल होते आणि पुन्हा आवळता येते. खिळा मात्र गंजून आतल्या आत झिजतो आणि एक दिवस फळी सोडून देतो.

मांडव हा तर पूर्णपणे हंगामी. पाऊस सरला की अंगण खणून, चोपून, शेणाने सारवले जाई आणि त्यावर पोफळीचे किंवा सुरूचे खांब रोवून मांडव उभा राही. पोफळीचे खोड मधे पोकळ-मऊ आणि कडेला लोखंडासारखे असते. ते उभे चिरून त्याच्या रिपा निघत. आच्छादनाला झाप: नारळाची झावळी मधोमध चिरून, भिजवून, पाती एकमेकांत विणलेली. या सावलीत भात झोडणे, आंबोशी-फणसपोळी वाळवणे, लग्नकार्ये, सारे होई. मृगाच्या आत मांडव उतरवला जाई. चांगले झाप पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला ताट्या म्हणून बांधले जात, म्हणजे झडीचा पाऊस आत येत नसे, आणि जुने झाप चुलीत किंवा भाजावळीत जात. मांडवाला वादळ सोसावे लागत नसे, कारण वादळी दिवसांत तो उभाच नसे.

या दोन टोकांच्या मधे पडवी येते, आणि लाकडाची खरी निवड तिथेच करावी लागे. सागवान सर्वांत उत्तम, हे सगळ्यांना ठाऊक होते. सागात नैसर्गिक तेल आणि सिलिका असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी दोन्ही त्याच्यापासून लांब राहतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही 1817 सालची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत आहे. पण याच गुणामुळे साग सामान्य माणसाच्या हाती फारसा लागला नाही, कारण आरमाराचा त्यावर पहिला हक्क होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी सागासारखी झाडे राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावीत असे सांगितले आहे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्यात बजावले आहे. पुढे इंग्रजी जहाजबांधणीने किनाऱ्याजवळची सागवाने विरळ केली. 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि 1865 व 1878 च्या वनकायद्यांनी जंगलावर सरकारचा ताबा पक्का झाला.

म्हणून कोकणी पडवी उभी राहिली ती ऐन, किंजळ, फणस यांच्यावर. ही लाकडे सागाइतकी टिकाऊ नाहीत. ती उणीव सुताराने रचनेतून भरून काढली. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर ठेवला, म्हणजे त्याचे बूड कोरडे राहते. तळखडा जोत्याच्या उंचीवर नेला. छपराची वळचण इतकी पुढे काढली की खांबावर थेट पाऊस कमी यावा. कुंपणाचा खुंट मात्र पुरावाच लागे, तिथे त्याचे बूड आगीवर काळे होईपर्यंत भाजत. होडीला लावायचे मुशीच्या यकृताचे किंवा उंडीच्या बियांचे तेल घरच्या लाकडालाही चाले, आणि काजूच्या टरफलातले काळे, झोंबणारे तेल वाळवीला दूर ठेवी. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. खाचा असलेली ती कौले किनाऱ्याने जहाजांतून वर आली आणि जुन्या नळ्यांची जागा घेऊ लागली, तेव्हा पडवीचे छप्पर पूर्वीपेक्षा वाऱ्याला घट्ट झाले.

मोठा बदल सिमेंट आणि लोखंडाने आणला. पोरबंदरला 1914 मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. गावागावांत ते पोचले ते स्वातंत्र्यानंतर, मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींच्या बळावर. गडग्याऐवजी सिमेंटची भिंत, वईऐवजी काटेरी तार, मांडवाऐवजी पत्र्याची कायमची शेड आली. यामागे कष्टातून सुटका हवी होती, आणि ती इच्छा अगदी रास्त होती, कारण दरवर्षी वई घालणे हे घरातल्या माणसांचे अंग मोडणारे काम होते. पण नवे साहित्य खाऱ्या हवेच्या हिशेबाने वापरले गेले नाही. पुळणीची वाळू धुवून न घेता मिश्रणात गेली, सळीवर कसेबसे बोटभर आवरण राहिले. गंजलेले लोखंड मूळच्या दोन ते सहापट जागा मागते, त्यामुळे खांब आतून फुटतो. भारतीय मानक 456 ची 2000 सालची आवृत्ती किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-30 प्रतीचे मिश्रण आणि सळीवर 45 मिलिमीटर आवरण सांगते. घरगुती कुंपणाच्या खांबाला हे क्वचितच मिळते. पाणी जायला भोके न ठेवलेल्या भिंती पावसात कलतात, ते गडग्याचे तत्त्व विसरल्यामुळेच.

लाकडाच्या बाबतीत जगभर वापरला गेलेला एक उपाय भारतातच सापडला होता. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे द्रावण दाबाखाली लाकडात भरण्याची रीत शोधली. अमेरिकेतल्या घरांमागचे लाकडी डेक आणि कुंपणे कित्येक दशके याच प्रक्रियेच्या स्वस्त पाइन लाकडात बांधली गेली. आर्सेनिकच्या धोक्यामुळे 2003 च्या अखेरीस तिथल्या घरगुती वापरातून ती मागे घेण्यात आली. अलिबाग, तारकर्ली, गोवा इथल्या पर्यटन निवासांत आता दिसणारे डेक त्याच परदेशी घडणीचे आहेत. त्यांच्या फळ्या जमिनीला समांतर, उघड्यावर आणि थेट पावसाखाली असतात, म्हणजे कोकणी सुताराने लाकूड जिथे कधी ठेवले नसते नेमके तिथे. अशा ठिकाणी साग किंवा तशाच तोडीचे लाकूड, पाणी निथळायला फळ्यांमध्ये फट, खांबाखाली दगड आणि जोडायला मॉलिब्डेनमयुक्त 316 प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे स्क्रू लागतात. साधा जस्ताचा मुलामा दिलेला खिळा तिथे लवकर हार मानतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि रायगड-रत्नागिरीतले पत्रे मैलोगणती उडाले. नारळी-पोफळीच्या बागाही आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेले. निसर्ग धडकले तेव्हा मृग लागायला चार-पाच दिवस होते. जुन्या रिवाजाने त्या तारखेला अंगणातला मांडव बहुधा उतरवलेला असता. वादळांनंतर काही गावांत शेडचे पत्रे नटबोल्टने सुटे करता येतील असे बसवले जाऊ लागले आहेत, आणि पडलेल्या कुंपणांच्या जागी गिरीपुष्पाचे खुंट पुन्हा लावले जात आहेत. यंत्राने कापलेल्या एकसारख्या चिऱ्यांचा गडगा सिमेंटशिवाय रचणारे गवंडी मात्र आता थोडे उरले आहेत.