पोथीची पुष्पिका आणि घरची वही

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या कारंजा नगरीच्या पूर्ववैभवाविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. पूर्ववैभव म्हटले की कस्तुरीच्या हवेलीची कथा आलीच. विक्रीस आलेली सारी कस्तुरी खरेदी करून ती वास्तूच्या बांधकामात घालणाऱ्या श्रेष्ठींची ही कथा घरोघरी निरनिराळ्या तपशिलांनी सांगितली जाते. ती ऐकताना आजही ऊर भरून येतो. तथापि इतिहास लिहावयाचा तर कागदावरील शाईकडे वळणे भाग आहे, आणि त्या बाबतीत आपले गाव मुळीच दरिद्री नाही.

सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावात नांदावीत, हे भाग्य फार थोड्या गावांना लाभले. भट्टारकांच्या वास्तव्यामुळे येथे शास्त्रभांडारे समृद्ध झाली. १९२६ साली रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरातून प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या पोथ्यांकडे विद्वज्जनांचे लक्ष वेधले गेले. अपभ्रंश भाषेतील फारच थोडे ग्रंथ त्या काळी छापून उपलब्ध होते. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून १९३१ मध्ये डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ संपादित केले. पाठोपाठ १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ व १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने प्रकाशित झाले. (हे हिरालाल आणि सूचीकार रायबहादुर हिरालाल या दोन भिन्न व्यक्ती होत, नामसाम्यामुळे गल्लत होण्याचा संभव आहे.) एका कुटुंबाच्या नावाने चाललेल्या ग्रंथमालेने दहाव्या शतकातील महाकवीला पुन्हा वाचक मिळवून दिले, ही गोष्ट आपल्या मुलांना किती ठाऊक आहे?

पोथीतील काव्य विद्वानांचे. परंतु पोथीच्या अखेरीस येणारी पुष्पिका किंवा प्रशस्ती मात्र आपणा सर्वांची आहे. प्रत कोणी लिहविली, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणत्या ज्ञातीच्या व गोत्राच्या श्रावकाने ती कोणास अर्पण केली, याची नोंद तेथे सापडते. व्रताच्या उद्यापनानिमित्त शास्त्रदान करणाऱ्या श्राविकांची नावेही अशा प्रशस्त्यांत येतात. एरवी वंशावळीत त्यांना स्थान कोठे असते? अशा प्रशस्त्या, मूर्तिलेख आणि पट्टावल्या एकत्र करून डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ साली ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सोलापूरहून प्रसिद्ध केला. त्यात कारंजाच्या परंपरांची संगती प्रथमच इतक्या बारकाईने लागलेली दिसते.

मंदिरातील पोथ्यांना निदान वेष्टन आहे. घरातील कागदांना तेवढेही नाही. हे लिहिताना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचा मला अधिकार नाही. आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा माळ्यावर आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांचा ढीग होता. मोडी कोणासच वाचता येत नव्हती. दोन वह्या ‘आठवण’ म्हणून ठेवल्या आणि बाकीच्या रद्दीत दिल्या. पुढे एका मोडी जाणकारांनी त्या दोहोंपैकी एक वाचून दाखविली, तेव्हा कापसाच्या व्यवहारांबरोबरच पंगतीचा खर्च, मुनिसंघाच्या आगमनाची तिथी आणि माझ्या आत्याच्या जन्माची नोंद निघाली. आत्याचा जन्मदिवस त्यापूर्वी कोणासच माहीत नव्हता. रद्दीत गेलेल्या वह्यांत काय होते, हे आता कळणे नाही.

जीर्णोद्धाराविषयीही एक विनंती आहे. धातूच्या प्रतिमांच्या पाठीवर व आसनावर कोरलेली अक्षरे आधीच झिजलेली असतात. उजळण्याच्या एका दिवसात ती कायमची पुसली जाऊ शकतात. म्हणून अशा कामापूर्वी प्रत्येक लेखाचे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे व मजकूर जसाच्या तसा, अशुद्ध असला तरी, उतरवून घ्यावा. संवतातून ५७ वजा केले अथवा शकात ७८ मिळविले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या जरूर लावाव्यात, परंतु त्यांच्यासाठी जुना शिलालेख गिलाव्याखाली जाऊ नये.

श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, आपण शास्त्रांची पूजा करतो, पोथ्या उघडून झटकतो, वेष्टने बदलतो. त्याच दिवशी घरातील कपाटही उघडावे, असे मनात येते. विवाहाच्या जुन्या छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, फाटल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, आणि वही वाचता येत नसेल तरी ती सुती कापडात बांधून ठेवावी. आमच्या घरच्या त्या दोन वह्यांपैकी दुसरी अजून वाचावयाची आहे. मोडी जाणणाऱ्या सज्जनांनी कृपया संपादक मंडळाकडे कळवावे.