एकमान पद्धत

अनेक वस्तूंच्या किमतीवरून किंवा मापावरून आधी एका वस्तूचे मान काढायचे आणि मग त्याला हव्या त्या संख्येने गुणायचे, अशी अंकगणितातील रीत. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तिथले उदाहरण घ्यायचे, तर 5 किलो मिरचीचे 200 रुपये होत असतील, तर एका किलोचे 40 आणि 8 किलोचे 320. किलोला 40 रुपये हा झाला दर. 5 किलोंवरून 10 किलोंचा भाव काढताना मात्र कुणी एका किलोवर उतरत नाही, सरळ दुप्पट करतो. शाळेत ही पटीची वाट चुकीची ठरवून एका किलोची पायरी लिहायला लावणे हा निव्वळ हट्ट होय.

गुणोत्तर म्हणजे एकाच जातीच्या दोन राशींची भागाकाराने केलेली तुलना. त्याला एकक नसते, दराला असते. 15 लिटरच्या फवारणी पंपात 30 मिली औषध घातले, तर दर लिटरला 2 मिली. गुणोत्तर लिहिताना लिटरचे आधी मिली करावे लागतात, आणि मग 30 : 15000, म्हणजे 1 : 500 मिळते. पुष्कळ मुले इथे 30 : 15 मांडून 2 : 1 असे उत्तर देतात. म्हणजे पाण्याच्या दुप्पट औषध! दुसरी चूक अधिक खोल आहे. पंप 20 लिटरचा असेल तर औषध किती, असे विचारले की ‘पाणी 5 ने वाढले, म्हणून औषधही 5 ने’ या हिशेबाने 35 मिली उत्तर येते. बरोबर उत्तर 40. गुणाकाराच्या जागी बेरीज करण्याची ही सवय सूत्र पाठ करून सुटत नाही. 5, 10, 15, 20 लिटर आणि त्यांसमोर 10, 20, 30, 40 मिली असा तक्ता मुलांनी स्वतः भरला की ती सुटू लागते.

एक राशी वाढताना दुसरी त्याच पटीत घटत असेल, तर ते व्यस्त प्रमाण. 6 मजुरांना कापूस वेचायला 4 दिवस लागतात; 8 मजुरांना? एका मजुराला 24 दिवस, म्हणून आठांना 3. पद्धत तीच, फक्त भागाकाराच्या जागी आधी गुणाकार येतो. मात्र वेचणीची मजुरी किलोवर ठरलेली असेल, तर एकूण मजुरी मजुरांच्या संख्येवर अवलंबूनच नसते. असा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो, असायला हवा.

जुन्या भारतीय गणितात हेच काम त्रैराशिक करी. प्रमाण (वरच्या उदाहरणात 5 किलो), फल (200 रुपये) आणि इच्छा (8 किलो) या तीन राशी घेऊन फल आणि इच्छा यांच्या गुणाकाराला प्रमाणाने भागायचे, हा नियम आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’त (इ.स. 499) आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) त्याच्यासोबत व्यस्त त्रैराशिकही येते. वय वाढले की जनावराची किंमत उतरते, हा त्यांचा दाखला बैलबाजार पाहिलेल्याला सांगावा लागत नाही. त्रैराशिकात एकाचे मान काढण्याची पायरी लागत नाही. उत्तर लवकर येते, पण कशाला कशाने भागले हे शिकणाऱ्याला उमगेलच असे नाही.

‘बालभारती’च्या 2016 ते 2018 या काळात आलेल्या पुस्तकांत सहावीला गुणोत्तर-प्रमाण, सातवीला समप्रमाण व व्यस्तप्रमाण आणि आठवीला चलन (राशींचे एकमेकींनुसार बदलणे) असा क्रम आहे.

दोन्ही राशी एकाच पटीत बदलत नसतील, तर ही पद्धत लावता येत नाही. बाजाराला जाणाऱ्या टेम्पोचे भाडे खेपेवर ठरले असेल, तर 10 गोण्यांना 1000 रुपये म्हणून 15 गोण्यांना 1500 होत नाहीत; टेम्पोत मावतील तोवर भाडे 1000 च राहते, आणि गोणीमागचा खर्च 100 वरून सुमारे 67 रुपयांवर येतो.