परवाना, पावती आणि प्रमाणपत्र

मुंबईच्या रस्त्यावर बसून माल विकणाऱ्याची कहाणी ही तीन कागदांची कहाणी आहे. परवाना, पावती आणि प्रमाणपत्र हे ते तीन कागद. यांतला कोणता कागद केव्हा मिळाला आणि केव्हा नाकारला गेला, हे पाहिले म्हणजे या शहराने गरिबाच्या धंद्याला कसे वागवले ते कळून येते. आज तेवढेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मूळ कायदा १८८८ चा, मुंबई महापालिकेचा. त्यात नंतर घातलेले ३१३-अ हे कलम सांगते की, आयुक्तांच्या परवान्यावाचून सार्वजनिक जागी माल विकता येणार नाही. ३१४ कलमाने असा बिनपरवाना माल नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आयुक्तांना दिला. म्हणजे मुळात धंदा बेकायदा नव्हता. परवानगीवाचून केलेला धंदा बेकायदा होता. हा फरक लहान वाटेल, पण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कारण परवाना देणे ज्याच्या हाती, त्याने देणेच थांबवले तर माणसाने काय करावे?

१९७८ च्या सुमारास नेमके तेच झाले. पालिकेने नवे परवाने देणे बंद केले. परवानाधारक होते पंधरा हजारांच्या आसपास. आता पुढचा काळ पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातले कित्येक कामगार भाजीची पाटी घेऊन रस्त्यावर बसले. काम गेलेल्याने कोणापुढे हात न पसरता पोट भरायचे ठरवले, तर तेथे परवान्याची खिडकी आधीच बंद झालेली होती. १९९८ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि युवा या संस्थेने पालिकेच्या जागांवरील फेरीवाले मोजले, तेव्हा आकडा एक लाखाच्या वर गेला. खिडकी बंद केल्याने फेरीवाला कमी झाला नाही. बेकायदा मात्र झाला.

पैसा तरी थांबला का? तोही नाही. १९८८ च्या सुमारास पालिकेने बिनपरवाना फेरीवाल्यांकडून केरकचरा उचलण्याच्या आकारापोटी रोज काही रुपये घेऊन पावती देण्यास आरंभ केला. ही पावती म्हणजे परवाना नव्हे. सकाळी पैसे घेऊन पावती फाडायची आणि दुपारी गाडी आणून माल उचलायचा, असा हा न्याय! त्याखेरीज आणखी एक वसुली चाले. तिची पावती कोणी फाडत नाही. तिला हप्ता म्हणतात. संघटनेच्या कामात आम्ही हिशेब मांडतो तेव्हा दिसते ते असे: परवान्याची फी शहराच्या तिजोरीत जाते, हप्ता कोणाच्या तरी खिशात जातो. परवाने बंद ठेवण्यात नुकसान फेरीवाल्याचे झाले, तसे तिजोरीचेही झाले.

मग माणसे न्यायालयात गेली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात फेरीवाला विभाग आखण्याची दिशा दिली. १९८९ साली दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने म्हटले की, वाजवी निर्बंध पाळून रस्त्यावर धंदा करणे हे घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाच्या संरक्षणात येते. मात्र अमुकच जागा कायमची हवी, असा हक्क कोणाला नाही. दोन्ही बाजूंना धरून केलेला हा निवाडा होता.

अखेर २०१४ साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा झाला व १ मे २०१४ पासून अमलात आला. यात परवान्याच्या जागी प्रमाणपत्र आले. पाच वर्षांतून किमान एकदा पाहणी करावयाची. ती पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवावयाचे नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. माल उचलला तर त्याची यादी दिली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत केला पाहिजे. ज्याची कोथिंबीर संध्याकाळपर्यंत सुकते, त्याला या एका ओळीचे मोल विचारावे. पण कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. मुंबईत या समितीवरील प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आम्ही चालायचे कोठून?" प्रश्न रास्त आहे. म्हातारी माणसे आणि शाळेची मुले पदपथ सोडून मोटारींतून वाट काढतात, हे कोणत्याही संघटनेने नाकारू नये. हा कायदाही वाटेल तेथे बसू देत नाही. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत बसवायची असेच तो सांगतो. पण ज्याची जागा ठरलेली आहे, त्यालाच रेषेच्या आत बसायला सांगता येते. ज्याला कोठेच जागा नाही, त्याला रेषा कोणती दाखवणार? तो आज उठवला तर उद्या हप्ता देऊन तेथेच बसेल, आणि आपली वाट होती तशीच अडलेली राहील.

म्हणून आपल्या शहरात समिती नेमली आहे काय, पाहणी केव्हा झाली, प्रमाणपत्रे किती दिली, हे प्रश्न फेरीवाल्याइतकेच पायी चालणाऱ्यानेही पालिकेला विचारले पाहिजेत.