शेवटची तीन अक्षरं

२०१० च्या उन्हाळ्यात मी काकांच्या कम्प्युटरचं वाटोळं केलं. दोष व्हायरसवर गेला. मी तेव्हा आठवीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो, आणि गप्प राहिलो.

आमचं रोहणा वर्धा जिल्ह्यातलं, पुलगाव आणि आर्वीच्या मधलं गाव. तिथं काकांचं झेरॉक्स, टायपिंग आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. कम्प्युटर सेकंडहँड, त्यात विंडोज एक्सपी. गावातल्या प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह त्यात एकदा तरी लागलेला. अँटिव्हायरसची एका वर्षाची मुदत संपून बरेच दिवस झाले होते, आणि पुन्हा पैसे भरायचं काका पुढं ढकलत होते.

एक दिवस प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसायला लागलं. उघडायला गेलं की काहीच होत नव्हतं. मी शोधाशोध करून एक अनोळखी फाइल पकडली, डिलीट केली आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी कोणताही प्रोग्राम उघडेना. प्रत्येक क्लिकवर एक चौकट यायची: ही फाइल कशानं उघडू? मी नोटपॅड निवडलं आणि खालच्या ‘नेहमी हाच प्रोग्राम वापरा’वर टिक केली.

क्षणात सगळी चित्रं नोटपॅडची झाली. टायपिंगचा प्रोग्राम उघडला तर नोटपॅडमध्ये नुसता कचरा. त्या कचऱ्याच्या अगदी सुरुवातीला मात्र दोन स्वच्छ इंग्रजी अक्षरं होती: एम आणि झेड.

“काऊन रे, हे सारे एकसारखेच काऊन दिसून रायले?” काकांनी विचारलं.

“व्हायरस असन,” मी म्हटलं.

तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डीवरचं सगळं राहील, असं म्हणाला. पण काका सगळं डेस्कटॉपवर ठेवायचे, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. दोन वर्षांत लोकांना टाइप करून दिलेले अर्ज गेले. उधारीची यादी गेली. मागच्या वर्षीच्याच अर्जाची नवी प्रत मागायला माणसं यायची, आणि काका पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचे, पैसे न घेता.

इंजिनिअरिंगला गेल्यावर त्या दोन अक्षरांचा अर्थ कळला. डॉसवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरची ती आद्याक्षरं. प्रत्येक ईएक्सई फाइल आजही त्यांनीच सुरू होते. म्हणजे फाइल आत नेमकी काय आहे, हे ती स्वतःच सांगत असते. विंडोजवर आपण चिन्हाला क्लिक करतो तेव्हा मात्र आत काय आहे याआधी नावाचं शेपूट पाहिलं जातं. माझा अपराध समजून घ्यायचा तर या शेपटाचा इतिहास पाहावा लागतो.

१९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आलं. त्यात फाइलच्या नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग प्रकार सांगणारी तीन अक्षरं. दुसरा रस्ताही होता. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये फाइलचा प्रकार आणि ती कोणत्या प्रोग्रामनं बनवली, हे दोन चार-चार अक्षरी कोड फाइलच्या नावापासून वेगळे साठवलेले असत. नाव काहीही ठेवा, ओळख बदलत नसे. पण घराघरांत पोचलं ते डॉस आणि त्याच्या मागून विंडोज. विंडोजच्या पोटात, रजिस्ट्री नावाच्या मोठ्या नोंदवहीत, एक यादी असते: अमुक शेपूट दिसलं तर तमुक प्रोग्राम चालवा. फाइल असोसिएशन म्हणतात ते हेच.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. आता नावं लांबलचक ठेवता येऊ लागली, आणि ओळखीच्या प्रकारांची शेपटं डिफॉल्ट सेटिंगमध्ये लपवली गेली. स्क्रीन नीटनेटकी दिसावी, नवख्या माणसानं नाव बदलताना शेपूट तोडू नये, हा विचार वाईट नव्हता. पण कम्प्युटर ज्या खुणेवर निर्णय घेतो, तीच खूण माणसाच्या नजरेआड गेली.

४ मे २००० रोजी याची किंमत जगाला कळली. ईमेलमधून एक प्रेमपत्र आलं: ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. शेवटचं व्हीबीएस लपलेलं असल्यामुळे अनेकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली. उघडताच स्क्रिप्ट चालली, अॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना पत्र गेलं आणि फोटोंच्या फाइलींवर तिची स्वतःची प्रत लिहिली गेली. बनवणारा मनिलाचा तरुण, ओनेल दे गुझमान. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. भारतातही माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला तो त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला.

काकांच्या कम्प्युटरवरचं खोटं फोल्डर याच कुळातलं. ती होती ईएक्सई फाइल. अंगावर फोल्डरचं चित्र, शेपूट लपलेलं.

माझी खरी चूक मात्र त्यापुढची. १९९९ चा प्रेटीपार्क आणि २००१ चा सरकॅम यांनी थेट नोंदवहीतच खाडाखोड केली. ईएक्सईसमोर त्यांनी लिहून ठेवलं: आधी मला चालवा, मग त्या प्रोग्रामला. प्रत्येक क्लिकला व्हायरस जागा. आता अशा व्हायरसची फाइल कुणी डिलीट केली आणि नोंद तशीच ठेवली, तर विंडोज नसलेल्या दरबानाची वाट पाहत बसतं आणि एकही प्रोग्राम सुरू होत नाही. व्हायरस मेला, पण कुलूप लावून गेला. मी नेमकं हेच केलं होतं, आणि वर नोटपॅडची टिक मारून आणखी घोळ घातला होता.

याच्यावर इलाज होता. नोंद दुरुस्त करणारा प्रोग्राम रेजएडिट, पण तोही ईएक्सईच, म्हणून तोही उघडत नाही. मग त्याची एक प्रत करून तिच्या नावातलं ईएक्सई पुसायचं आणि कॉम लिहायचं. कॉमची नोंद वेगळी असते, त्यामुळे तो उघडतो. मग बिघडलेली ओळ पूर्ववत करायची. दहा मिनिटांचं काम. फॉरमॅटची गरज नव्हती. तीन अक्षरं बदलली असती तर काकांची उधारी वाचली असती.

मग अँटिव्हायरस घेतला असता तर? या धंद्याचा इतिहासही आपल्या जवळचाच. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ब्रेन हा पीसीवरचा पहिला व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि त्यात त्यांचं नाव, पत्ता, फोन नंबरही होता. पुढं ६ मार्चला डेटा उडवणाऱ्या मायकेलअँजेलोनं १९९२ मध्ये जगाला घाबरवलं. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कम्प्युटर दुरुस्तीत आले होते. दहावीनंतर त्यांनी शिक्षण सोडलं होतं. ग्राहकांच्या मशीनमध्ये व्हायरस दिसायचे, तेव्हा कम्प्युटर सायन्स शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहायला घेतले. १९९३ मध्ये कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली. तीच २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. एक भाऊ दुरुस्तीच्या टेबलाशी, एक कोडशी. दुरुस्तीवाल्याला हाताशी प्रोग्रामर मिळाला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या व्हायरसच्या खुणा शोधतो, म्हणून यादी ताजी नसेल तर तो झोपलेला पहारेकरी. काकांचा झोपलेलाच होता. आज निवड सोपी आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो, फुकट. विकत घ्यायचा असेल तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र संस्थांचे निकाल पाहावेत. कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात येतात. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत कम्प्युटरच्या बाहेर हवीच. आमच्याकडे एक साधी सीडी असती तरी पुरलं असतं.

गेल्या हिवाळ्यात काकांचा पुण्याला मला फोन आला. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी लग्नपत्रिका पाठवली होती. नंबर अनोळखी, आणि फोन म्हणत होता, परवानगी द्या.

“काका, फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं वाचा बरं.”

“ए... पी... के.”

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अॅप. लग्नपत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, कधी व्हिडिओ असते. अॅप कधीच नसते. या पत्रिकांनी कित्येकांची बँक खाती रिकामी केली आहेत. ती डिलीट करवून घेतली, आणि तशीच, फोन न ठेवता, २०१० ची गोष्टही सांगून टाकली. टिक, नोटपॅड, सगळं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

“दहा मिनिटाचंच काम होतं म्हणतं तू?”

“हो.”

“मंग मलेही दाखवून दे. दुकानात पोट्टा ठेवला आहे एक, त्यालेही बसवतो.”

संक्रांतीला गेलो तेव्हा दुकानातल्या कम्प्युटरवर पहिलं काम केलं ते लपलेली शेपटं दाखवण्याचं. काका चष्मा लावून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. डेस्कटॉप अजूनही गच्च भरलेला होता.